एकशे दोन दिवसांची गोष्ट

गेले तीन वीकेंड इथे काही टाकलं नाही. या वेळी रिलीज वगैरे कारण नव्हतं. माझ्या आत्याला स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि नंतर डॉक्टरांनी किमोच्या सहा सायकल्स सांगितल्या. दुसरी सायकल झाल्यावर तिच्याकडे बघवत नव्हतं. तोंडाला चव नाही, पायात गोळे, रात्रभर टक्क जागी. अशा वेळी माणसाला कोण काय सांगेल आणि त्यातलं काय पटेल याचा नेम नसतो. तिला कोणीतरी व्हॉट्सॲपवर एका शिबिराची जाहिरात पाठवली. चीगाँग. तीन दिवस, निवासी, फी सणसणीत, आणि खाली चांगल्या ठळक अक्षरात: पाच हजार वर्षांची चिनी प्राणविद्या, किमोची गरज उरत नाही.

आत्याचा मला फोन. "अरे, तुझं ते नेटवर शोधणं चालूच असतं ना सारखं, मग एवढं बघून सांग. हे खरंच पाच हजार वर्षं जुनं आहे का? एवढी वर्षं टिकलंय म्हणजे काहीतरी असेलच ना रे त्यात?"

मी म्हटलं, बघतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तिने "याने बरं वाटतं का" असं विचारलंच नव्हतं. "जुनं आहे का" एवढंच विचारलं होतं. आपल्याकडे हे दोन प्रश्न एकच असतात.

मग काय, बसलो शोधत. आता जे सापडलं ते इतकं भारी निघालं की आत्याला फोनवर सांगून भागेना, म्हणून ही पोस्ट. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आधी शब्द. "ची" म्हणजे श्वास, हवा, वाफ, आणि शरीरात खेळणारी चेतना असं सगळंच. "गाँग" म्हणजे मेहनतीने कमावलेलं कसब. कुंग फू मधला "कुंग" तो हाच. आपल्या भाषेत सांगायचं तर गवयाचा रियाज असतो तसा श्वासाचा रियाज. सावकाश हालचाली, त्यांच्याशी जुळवलेला लांब श्वास आणि एका जागी ठेवलेलं चित्त, एवढ्या तीन गोष्टी. उभं राहून, बसून, आडवं पडूनसुद्धा करता येतं.

आणि हा शब्द, म्हणजे सगळ्या श्वासाच्या आणि ध्यानाच्या व्यायामांना मिळून एकच नाव, हे पाच हजार वर्षांपूर्वीचं नाही, पाचशे वर्षांपूर्वीचंही नाही. जुन्या पुस्तकांत तो इकडे तिकडे तुरळक सापडतो, पण आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो अर्थ १९४९ च्या आसपासचा आहे. माझे आजोबा तेव्हा मॅट्रिकला होते!

तर गोष्ट सुरू होते १९४७ साली, उत्तर चीनच्या हपेई प्रांतात. ल्यू ग्वेइचन नावाचा सत्तावीस वर्षांचा एक माणूस. कम्युनिस्ट पक्षाचा साधा कार्यकर्ता, कारकुनी वळणाची कामं करणारा. (वय वाचून मी जरा सरसावून बसलो, आपल्याच वयाचा की!) पोटात अल्सर, झोप नाही, वजन पार घसरलेलं, निराशेने घेरलेला. चीनमध्ये यादवी युद्ध चालू. असा माणूस कामाला निरुपयोगी म्हणून त्याला गावी विश्रांतीला पाठवून दिलं, तिथे बरा होईल किंवा मरेल.

गावात ल्यू तूचौ नावाचे एक वडीलधारे गृहस्थ होते. त्यांच्याकडे गुरुपरंपरेने आलेली एक साधना होती, नाव "नेइयांग गाँग", म्हणजे आतून पोसणारी साधना. एका वेळी एकाच शिष्याला द्यायची, असा तिचा रिवाज. त्यांनी ती या आजारी पोराला शिकवली. त्याने नेमाने १०२ दिवस केली. अल्सर बरा झाला, वजन वाढलं, झोप लागायला लागली आणि गडी कामावर हजर.

इथपर्यंत ही गोष्ट आपल्या गावोगावच्या गोष्टींसारखीच आहे. अमक्या बाबांनी विद्या दिली आणि तमका ठणठणीत झाला. फरक पडला तो पुढे. ल्यूच्या वरिष्ठांनी त्याला वेड्यात काढलं नाही आणि पायाही पडले नाहीत. त्यांनी त्याला कामाला लावलं: हे इतर आजारी कार्यकर्त्यांना शिकव, नोंदी ठेव, काय होतं ते कळव.

असं का केलं असेल? सरळ कारण आहे. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. डॉक्टर नाहीत, औषधं नाहीत, चारही बाजूंना युद्ध. आणि इथे मराठी माणसाला एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही. याच हपेई प्रांतात पाच वर्षांपूर्वी, ९ डिसेंबर १९४२ ला, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस वारले. वय ३२. जपानविरुद्धच्या युद्धात मदतीला म्हणून १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं होतं, त्यातले ते एक. त्याच पथकातले डॉ. चोळकर नागपूरचे. शांतारामबापूंचा "डॉ. कोटणीस की अमर कहानी" (१९४६) आपल्यापैकी पुष्कळांनी दूरदर्शनवर पाहिला असेल. ल्यूचं गाव प्रांताच्या दक्षिणेला, कोटणीसांचं इस्पितळ उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, त्यामुळे थेट संबंध काही नाही. पण चीगाँग कुठल्या परिस्थितीत जन्माला आलं ते समजून घ्यायचं तर कोटणीस ज्या परिस्थितीत रात्रंदिवस ऑपरेशनं करत होते ती डोळ्यांसमोर आणा. जिथे एक सर्जन मिळावा म्हणून सोलापूरहून माणूस यावा लागतो, तिथे नुसत्या श्वासाने अल्सर बरा होतो म्हटल्यावर कोण नको म्हणेल?

असो. तर प्रयोग सुरू झाले, आणि नाव ठरवायची वेळ आली. मानसोपचार म्हणावं की मंत्रोपचार, असे बरेच पर्याय निघाले, शेवटी "चीगाँग उपचार" वर शिक्कामोर्तब झालं. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे साधनेतल्या मजकुराची साफसफाई. मूळ साधनेत मनात म्हणायचा एक मंत्र होता, त्यात सोनेरी ड्रॅगनचा पंजा, ध्यानाची खोली असली वर्णनं होती. ती काढून तिथे "तब्येतीसाठी मी ध्यानाला बसतोय" अशा अर्थाचं साधंसुधं वाक्य घातलं. गुरू-शिष्य काढलं आणि डॉक्टर-पेशंट आणलं. धर्म काढला. हालचाल तीच, श्वास तोच.

आमच्या धंद्यात याला रीफॅक्टरिंग म्हणतात. कोड काय करतो ते बदलायचं नाही, फक्त आतली नावं आणि रचना बदलायची म्हणजे नव्या मॅनेजरला तो आपलाच वाटतो. :-)

आणि हे फक्त चीनमध्येच झालं असं कृपया समजू नका. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी "योगमीमांसा" हे नियतकालिक काढलं. त्यात काय होतं? उड्डियान करताना पोटात दाब किती पडतो, एक्स-रेत काय दिसतं, रक्तदाबाचं काय होतं, याची मोजमापं. गुहेतली विद्या प्रयोगशाळेत. चिनी मंडळी नंतर तीस वर्षांनी ज्या वाटेने गेली, त्या वाटेवर मुंबई-पुणे रेल्वेचं एक स्टेशन आधीच येऊन गेलं होतं. आपणही शाळेत सूर्यनमस्कार घालतो ते वेदकाळापासून जसेच्या तसे आले अशी समजूत असते, पण त्यांना घरोघर आणि शाळाशाळांत पोचवण्यात मोठा वाटा विसाव्या शतकातल्या औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींचा. म्हणून ते खोटे ठरतात का? मुळीच नाही. फक्त जन्मतारीख वेगळी निघते.

परत ल्यूकडे. १९४९ मध्ये त्याच्या पक्षाचं राज्य आलं. १९५४ मध्ये तांगशान शहरात चीगाँगचं पहिलं उपचार केंद्र निघालं (तांगशान म्हणजे १९७६ च्या भीषण भूकंपाचं तेच शहर). १९५५ मध्ये ल्यूच्या गटाचा सरकारी गौरव झाला. १९५६ मध्ये समुद्रकाठी पैताइह इथे मोठं आरोग्यधाम उघडलं, हे तर पक्षाच्या बड्या नेत्यांचं उन्हाळ्यातलं हक्काचं ठिकाण. १९५७ मध्ये ल्यूचं पुस्तक आलं. कारकुनाचा झाला तज्ज्ञ.

आता मी जरा नतद्रष्टपणा करतो. या १०२ दिवसांत नक्की काय झालं? तो युद्धातून बाहेर आला. घरी गेला. वेळेवर जेवायला लागला. दिवसभर शांत पडून राहिला, सावकाश श्वास घेत. अल्सर हा असा आजार आहे की तो आपोआप भरूनही येतो आणि परत उलटतोही. बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या जिवाणूमुळे होतात हे जगाला कळलं १९८० च्या दशकात, बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांच्यामुळे. त्यासाठी त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. म्हणजे ल्यू बरा झाला हे मला मान्य आहे, पण श्वासाने किती, विश्रांतीने किती, आईच्या हातच्या जेवणाने किती आणि नशिबाने किती, हे वेगळं काढायला दुसरा एक तसाच ल्यू हवा होता, जो गावी गेला पण श्वासाचं काही केलं नाही. तसा कोणी नव्हता. आरोग्यधामांतही तेच. भरती व्हायचं, महिनोन् महिने विश्रांती, पथ्याचं जेवण आणि चीगाँग. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि बग गेला तर कुठल्या बदलाने गेला हे कोणाला ठाऊक? आमच्याकडे असं केलं तर कोड रिव्ह्यूमध्ये चामडी सोलतात.

बरं, मग जुनं काहीच नाही का? आहे! आणि ते बघून मी अक्षरशः उडालो.

१९७३ च्या शेवटी हुनान प्रांतात चांगशाजवळ मावांगत्वेइ इथे एक थडगं उघडलं. ते बंद झालं होतं इसवी सनापूर्वी १६८ मध्ये. आत रेशमी कापडावरचं एक रंगीत चित्र सापडलं, तुकडे तुकडे झालेलं. जोडल्यावर त्यात ४४ माणसं दिसली, चार ओळींत अकरा-अकरा. बायका, पुरुष, म्हातारे, तरुण, काही अंगभर कपड्यांत, काही कमरेवर उघडे. प्रत्येकजण काहीतरी व्यायाम करतोय. कोणी हात ताणलाय, कोणी वाकलंय, एकजण काठी घेऊन खाली झुकलाय. शेजारी बारीक अक्षरात नावं. काही नावं प्राण्यांची, अस्वल वगैरे. आणि काही चक्क तक्रारींची: गुडघेदुखीसाठी हे, बहिरेपणासाठी ते. बावीसशे वर्षांपूर्वी कोणीतरी रेशमावर आजच्या फिजिओथेरपीवाल्याकडे भिंतीवर असतो तसला तक्ता काढून ठेवला होता. या व्यायामांना तेव्हा म्हणत "ताओयिन", म्हणजे नेणं आणि ताणणं. हुपेई प्रांतात (हपेई वेगळं, हुपेई वेगळं, मीही दोनदा गोंधळलो) एका थडग्यात त्याहून थोड्या जुन्या बांबूच्या पट्ट्या सापडल्या, त्यांवर अशाच व्यायामांची लेखी कृती आहे.

पुढे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ह्वा त्वो नावाचा नामांकित वैद्य झाला. त्याने पाच प्राण्यांचे खेळ रचले असं मानतात: वाघ, हरीण, अस्वल, माकड, पक्षी. त्याचा एक शिष्य हे करून नव्वदी पार केल्यावरही डोळे, कान, दात शाबूत राखून होता अशी इतिहासात नोंद आहे. मग सातव्या शतकात सुन सिम्याव. त्याच्या औषधांच्या मोठ्या ग्रंथात अठरा हालचालींचा एक संच आहे आणि नाव काय, तर भारत देशाची मालिशपद्धती, ब्राह्मणांची म्हणून. ती खरोखर इकडून गेली, की चिनी व्यायामाला परदेशी लेबल लावून भाव वाढवला, हे सांगणं अवघड. आपल्याकडे "इम्पोर्टेड" लिहिलेल्या शॅम्पूची आठवण आली.

भारतावरून आठवलं, "हे सगळं आपल्या बोधिधर्माने चीनला शिकवलं" असा फॉरवर्ड तुम्हाला आला असेलच. त्याचं मूळ आहे "यिजिनजिंग", म्हणजे स्नायू पालटवण्याचं पुस्तक. त्याला दोन प्रस्तावना आहेत. पहिली ६२८ सालची, एका थांग सेनापतीच्या नावाने. दुसरी ११४२ ची, न्यू काव या सेनापतीच्या नावाने, आणि तीत हे महाशय स्वतःच सांगतात की मी शिपाईगडी, मला एक अक्षर वाचता येत नाही. मग प्रस्तावना कोणी लिहिली, साहेब? अभ्यासकांनी दोन्ही बनावट ठरवल्यात. पुस्तक सतराव्या शतकातलं आहे, १६२४ चं. मागची तारीख टाकून कमिट करण्याची युक्ती गिटच्याही आधीची आहे तर.

म्हणजे चित्र असं: श्वास आणि ताण यांचे व्यायाम खरोखर दोन हजार वर्षांहून जुने. पण ते एक नव्हते, विखुरलेले होते. काही वैद्यांचे, काही ताओ पंथीयांचे, काही बौद्ध भिक्षूंचे, काही घराण्यातले गुपित. त्या सगळ्यांची मोट बांधून त्यावर एक पाटी लावली ती १९४९ नंतर.

आणि पाटी लावणाऱ्याचं काय झालं? १९६० च्या दशकाच्या मध्यापासून वारं फिरलं. सांस्कृतिक क्रांतीत चीगाँग म्हणजे सरंजामी अंधश्रद्धा ठरली. केंद्रं बंद. ल्यूला पक्षातून काढून मजुरीला धाडलं. तो परत सन्मानाने आला १९७० च्या दशकाच्या अखेरीला, आणि १९८३ मध्ये वारला.

आता ज्या बाईंमुळे आत्याच्या फोनवर ती जाहिरात आली त्यांच्याबद्दल. क्वो लिन, जन्म १९०९. व्यवसायाने चित्रकार. त्यांना गर्भाशयाचा कॅन्सर झाला. लक्ष देऊन वाचा: त्यांची शस्त्रक्रिया झाली. रोग उलटला, परत शस्त्रक्रिया, अशा अनेक झाल्या. त्यानंतर त्यांनी लहानपणी आजोबांकडून शिकलेले व्यायाम आठवून, त्यांत भर घालून स्वतःसाठी एक पद्धत बसवली. त्यात चालता चालता नाकाने दोनदा आत, एकदा बाहेर असा आवाज करत श्वास घ्यायचा असतो. त्या जगल्या, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बीजिंगच्या बागांमध्ये लोकांना शिकवायला लागल्या. सांस्कृतिक क्रांती चालू असताना! पोलिसांचा त्रास झाला, तरी बाई मागे हटल्या नाहीत.

मला या गोष्टीतलं सर्वांत मोठं पाऊल हे वाटतं. गुरूने एकालाच द्यायची ती विद्या ल्यूने दवाखान्यात आणली होती. या बाईंनी ती बागेत आणली. फी नाही, भरती नाही, डॉक्टर नाही, सकाळी या आणि रांगेत उभं राहा. आज चीनच्या कुठल्याही शहराचा सकाळचा फोटो बघा, आजी-आजोबांचे घोळके दिसतात, त्याची एक मुळी या बाईंपर्यंत जाते. आणि ज्यांना कॅन्सर झालाय अशी माणसं रोज एकमेकांना भेटायला लागली, जी एरवी घराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडली असती. हे औषध आहे की नाही मला सांगता येणार नाही, पण आत्याला गेले दोन महिने सगळ्यात जास्त कशाची गरज होती ते मी बघितलंय. क्वो लिन १९८४ मध्ये वारल्या.

आता पुढचा भाग थोडक्यात, कारण त्यावर वेगळी पोस्ट होईल. माओनंतर बांध फुटला. १९७९ मध्ये सच्वानमधल्या एका मुलाला कानाने वाचता येतं अशी बातमी पेपरात आली आणि देशभर अशी मुलं सापडायला लागली. हाताच्या तळव्यातून "बाहेरचा ची" निघतो आणि यंत्रावर मोजता येतो असे दावे झाले. चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक चियान श्वेसन, अमेरिकेत कॅलटेकला शिकलेला माणूस, यांनी या सगळ्याची पाठराखण केली. १९८७ मध्ये ईशान्येकडच्या जंगलात प्रचंड वणवा लागला तेव्हा यान शिन नावाच्या चीगाँग गुरूने तो दुरून विझवायला मदत केल्याच्या कहाण्या पसरल्या. स्टेडियममध्ये हजारो लोकांसमोर तासन् तास भाषणं, लोक रडतायत, हसतायत, जमिनीवर लोळतायत. चीगाँग करणाऱ्यांचा आकडा दहा कोटींच्या घरात असल्याचे अंदाज आहेत. १९९० च्या दशकातल्या फोटोंत माणसं डोक्यावर ॲल्युमिनियमची पातेली घालून बसलेली दिसतात, विश्वातली "माहिती" पकडायला. आम्ही वायफायसाठी खोलीभर राउटर फिरवतो तसं काहीसं.

त्या काळातला एक प्रयोग मात्र सांगायलाच हवा. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या चिकित्सक मंडळींचं एक पथक चीनला गेलं, जादूगार जेम्स रँडी त्या पथकात होता. एक गुरू आपल्या पेशंटवर दुरून ची सोडत असे आणि ती बाई टेबलावर वळवळायची. बघणाऱ्याला अगदी पटावं असं. यांनी इतकंच केलं, की गुरूला दुसऱ्या खोलीत बसवलं आणि ची सोडायचा की नाही ते दर वेळी नाणं उडवून ठरवलं. बाई वळवळली. ची सोडलेला असतानाही आणि नसतानाही. दोन्हींचा एकमेकांशी काही मेळच बसेना. माझ्या मते ती खोटं बोलत नव्हती. तिला ते होतच होतं, फक्त गुरूच्या हातातून काही येत नव्हतं.

या लाटेचा शेवट वाईट झाला. १९९२ मध्ये सुरू झालेल्या फालुन गाँगचे सुमारे दहा हजार अनुयायी २५ एप्रिल १९९९ ला बीजिंगमध्ये सत्ताधाऱ्यांच्या निवासाभोवती शांतपणे येऊन उभे राहिले. सरकार हादरलं. जुलैमध्ये बंदी, धरपकड, तुरुंग. बाकीचे मोठे चीगाँग पंथही त्यात भरडले गेले. मग सरकारने "आरोग्य चीगाँग" स्वतःच्या देखरेखीखाली आणलं, आणि २००३ मध्ये चार जुने संच नव्याने बसवून जाहीर केले. पाच प्राण्यांचे खेळ, ते बनावट तारखेचं स्नायू पालटणं, सहा आवाजांचं श्वसन आणि "पात्वानचिन", म्हणजे रेशमी कापडाचे आठ तुकडे. ना गुरू, ना चमत्कार. ल्यूने केलं होतं तेच रीफॅक्टरिंग, व्हर्जन टू.

तर याचा उपयोग होतो का? पात्वानचिन मी स्वतः तीन आठवडे केलं. बारा-पंधरा मिनिटं लागतात. हात वर नेऊन ताणायचे, धनुष्य ओढल्यासारखं करायचं, मान वळवून मागे बघायचं, शेवटी टाचा उचलून आपटायच्या. दिवसातले दहा तास खुर्चीत बसणाऱ्याच्या मानेला बरं वाटलं, पण माझं बरं वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, ल्यूचंच परत झालं. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतला की हृदयाची लय आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेवर परिणाम होतो हे मात्र मोजलं गेलंय, आणि ते प्राणायामालाही तितकंच लागू आहे. चीगाँगच्या जवळच्या नातेवाइकाचे, म्हणजे ताय ची चे, चांगले प्रयोग झालेत. २०१२ मध्ये पार्किन्सनच्या १९५ पेशंटवर, त्यात तोल सुधारला. २०२४ मध्ये चीनमध्ये रक्तदाब थोडा वर असलेल्या ३४२ जणांवर वर्षभर, त्यात वेगाने चालणं वगैरे व्यायामांपेक्षा ताय ची वाल्यांचा वरचा रक्तदाब थोडा जास्त उतरला. कॅन्सरच्या पेशंटमध्ये थकवा, झोप आणि मन यांना अशा व्यायामांनी आधार मिळतो असं दिसतं. गाठ विरघळते असं कुठेही दिसलेलं नाही. आणि अति केलं तर? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या १९९४ च्या सूचीत चीगाँगमुळे भ्रम होण्याची वेगळी नोंद आहे. चिनी जुन्या लोकांना हे ठाऊक होतंच, त्यांच्याकडे त्याला आग भडकून सैतान शिरणं अशा अर्थाचा शब्द आहे.

गेल्या रविवारी आत्याकडे सोलापूरला गेलो. हे सगळं सांगितलं. पाच हजार नाही, दोन हजारच्या वर म्हण, आणि ते दुकान मात्र १९४९ चं. त्या क्वो लिनबाईंची आधी ऑपरेशनं झाली होती हे मी दोनदा सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे किमो सोडायची नाही, असंच ना? सरळ सांगायचं की."

"हो."

"मी कुठे सोडणार होते? मला फक्त कोणीतरी हो म्हणायला हवं होतं त्या दिवशी."

यावर मी काय बोलणार. डॉक्टरांना विचारून पात्वानचिनच्या पहिल्या तीन हालचाली तिला दाखवल्या. फिजिओथेरपिस्टने खांदा आखडू नये म्हणून भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिलाय, त्याच्याशी पहिली हालचाल बरीच जुळते. ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत जातो, त्यावर नाही. तिने पेन्सिलने भिंतीवर खूण केली आणि पुढे तारीख लिहिली.

मग चहा करता करता विचारते, "ते कोटणीस गेले तेव्हा बत्तीसच वर्षांचे होते? त्यांच्या घराचं स्मारक केलंय इथे. इतकी वर्षं राहून मी आत गेलेच नाही बघ. पाचवी सायकल झाली की जाऊ आपण."